ग्रीक शिरस्त्राण दाखवताना या चुका टाळा

शाळेच्या प्रकल्पात, व्हिडिओत किंवा चित्रात ग्रीक योद्धा आला की बहुतेक वेळा एकच शिरस्त्राण दिसतं. चेहरा झाकणारं, वर लाल तुरा. हा करिंथियन प्रकार. कांशाच्या एकाच तुकड्यापासून तापवून-ठोकून घडवलेलं हे काम अप्रतिमच आहे, पण ते कुणाच्याही डोक्यावर चढवून चालत नाही.

पहिला घोळ काळाचा. हा प्रकार इ.स.पू. 700 च्या सुमारास रुळला, म्हणून ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांना तो घालू नका. त्यांच्यासाठी रानडुकराच्या सुळ्यांचे काप शिवलेली टोपी आहे. ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात ओडिसियस हा वीर तीच घालतो. अलेक्झांडरच्या सैनिकांनाही करिंथियन नको, तोवर तो प्रकार मागे पडला होता. त्यात कानांना भोकंच नव्हती आणि बाजूचं नीट दिसत नसे. ढालीला ढाल भिडवून उभ्या रांगेत हुकूम ऐकू न येणं जिवावर बेतणारं, म्हणून खाल्किडियन प्रकारात कान मोकळे ठेवले. पुढे पिलोस ही शंकूच्या आकाराची साधी टोपीही आली.

लढाई नसताना करिंथियन शिरस्त्राण कपाळावर मागे सारलेलं असे. अथेन्सचा पुढारी आणि सेनापती पेरिक्लीसचा अर्धपुतळा पाहा. भाषण करणाऱ्या सेनापतीचा चेहरा झाकू नका.

रंग हिरवा देऊ नका. तो जमिनीत शतकानुशतकं पडून चढलेला थर. नवं कांसं सोनेरी चमकतं. काठावर बारीक छिद्रांची ओळ दिसली तर ती बाणांची नव्हे, अस्तर शिवायची.

सर्वांत जपून लिहायचं ते ऑलिम्पिया या झ्यूस देवाच्या तीर्थस्थानातल्या शिरस्त्राणांबद्दल. जिंकलेले लोक शत्रूची शस्त्रं तिथे झ्यूसला वाहत. तिथल्या संग्रहालयातल्या एका शिरस्त्राणावर मिल्टियाडीसने, म्हणजे मॅरेथॉनच्या लढाईतल्या अथेन्सच्या सेनापतीने, ते झ्यूसला अर्पण केल्याचं कोरलंय. लढाईचं नाव मात्र नाही. तेव्हा ‘मॅरेथॉनला, इ.स.पू. 490 मध्ये, त्याने हेच घातलं होतं’ असं छातीठोक लिहू नका. याउलट ब्रिटिश म्युझियममधल्या शिरस्त्राणावर सिराक्यूजचा राजा हिएरॉन आणि लढाईचं ठिकाण कुमे (इटली), दोन्ही नावं आहेत, लढाई इ.स.पू. 474 ची. पण मजकूर ग्रीक म्हणून त्याला ग्रीक शिरस्त्राण म्हणू नका. ते हरलेल्या एट्रुस्कनांकडून (इटलीतले प्राचीन लोक) जिंकून आणलेलं आहे.