न्यूअर्कचं शंकरपाळी नाणं कसं पारखावं

इंग्लंडच्या यादवीत न्यूअर्क शहराला नोव्हेंबर 1645 ते मे 1646 असा तिसरा वेढा पडला होता. आतल्या राजनिष्ठ शिबंदीचा पगार भागवायला चांदीची ताटं-तबकं कापून शंकरपाळ्याच्या आकाराची नाणी पाडली गेली. नकला पुष्कळ आहेत, म्हणून घाई नको.

आधी मजकूर वाचा. पुढे मुकुट, त्याच्या दोन बाजूंना सी आणि आर (लॅटिन 'कॅरोलस रेक्स', म्हणजे राजा चार्ल्स), खाली पेन्समधली किंमत रोमन आकड्यांत: 30, 12, 9 किंवा 6. मागे ओबीएस (लॅटिन 'वेढलेलं'चं लघुरूप), शहराचं नाव आणि साल. सहा पेन्सवर 1646 च हवं. काही शिलिंगांवर, म्हणजे 12 पेन्सच्या नाण्यांवर, शहराच्या नावाला शेवटी जादा 'ई' असते. ती खरीच आहे.

वजन 0.01 ग्रॅमच्या काट्यावर घ्या. 12 पेन्सचं साधारण 6 ग्रॅम, 30 पेन्सचं 15 ग्रॅम. पत्रा कमीजास्त जाड असे, त्यामुळे थोड्या फरकाने बिचकू नका.

आता घनता. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला टेकलं की आकडा चुकतो. बुडबुडे चिकटले तर घनता कमी येते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. 6 ग्रॅमच्या नाण्याला 0.58 आलं तर 6 भागिले 0.58, म्हणजे 10.3: चांदी जुळली. 0.82 आलं तर घनता 7.3, म्हणजे कथलाची नक्कल. मात्र चांदीतच केलेली नक्कल इथे सुटून जाते.

ती पकडायची कडेवर. दहापट भिंगाखाली कड फिरवून बघा. खऱ्याची कड कात्रीने कापलेली, किंचित दबलेली असते. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं, बोथट अक्षरं आणि कडेने साच्याची सांधरेषा दिसते. रेषा कानसून काढली असेल तर कानशीचे समांतर ओरखडे राहतात.

सगळ्यात बोलका पुरावा मूळ भांड्याचा. मुकुटाच्या खोबणीत सोन्याच्या मुलाम्याचा पिवळा अंश, ताटाच्या नक्षीची तुटलेली रेघ, क्वचित अर्धा हॉलमार्क. ठशाखाली दबलेल्या या खुणा नाण्याची किंमत वाढवतात, आणि चिंच किंवा राखेने घासलं की त्याच आधी जातात. काळसरपणा तसाच राहू द्या.

भोक असलेली नाणी बरीच मिळतात, आठवण म्हणून गळ्यात घातलेली. डाख देऊन भोक बुजवलेलं असेल तर उजेडाकडे तिरकं धरा. तिथला रंग वेगळा पडतो.