तुमच्या नोट्सची पीडीएफ कुणी फुकट लिंकवर टाकली तर काय करायचं

मी ठाण्यात, नौपाड्यात बारावीचे अकाउंट्सचे क्लास घेते. मागच्या वर्षी एका मुलीने मोबाईल पुढे केला, "मॅडम, हे तुमचंच ना?" बघते तर एका फाइल शेअरिंग साइटवर माझ्या नोट्सची अख्खी पीडीएफ, पान 37 वर माझ्याच लाल पेनाची दुरुस्ती आणि कडेला स्पायरलची भोकंसुद्धा दिसतायत. डोकंच फिरलं. त्या रागात साइटला दोन ओळींचा मेल टाकला की माझ्या नोट्स तुमच्याकडे आहेत, लगेच काढा. आठ दिवस काही नाही.

चूक माझी होती, मेलमध्ये लिंकच दिली नव्हती. फाइल युजरने टाकलीय आणि साइटला माहीतच नाही, तर आयटी अ‍ॅक्टचं कलम 79 साइटला जबाबदारीतून वाचवतं. कळल्यावर मात्र हात झटकता येत नाहीत. आता कळलं म्हणजे काय, तर 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश यायला हवा, आणि काही साइटवाले अजून तेच पुढे करतात, पण 2016 ला मायस्पेस या साइटच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलंय की कॉपीराइटच्या बाबतीत मालकाने स्वतः नेमकं कळवलं तरी पुरतं. नेमकं म्हणजे लिंकसकट. एकच फाइल तीन लिंकवर असेल तर तिन्ही लिंक द्या.

सगळ्यात आधी स्क्रीनशॉट काढा, पूर्ण यूआरएल आणि तारीख दिसली पाहिजे. टाकणाऱ्याला मेसेज करून भांडत बसू नका, तो फाइल उडवून नाव बदलून दुसरीकडे टाकतो आणि पुरावा गेला.

मग साइटवर तक्रार अधिकाऱ्याचा मेल शोधा, 2021 च्या आयटी नियमांनी तो देणं बंधनकारक आहे, 24 तासांत पोच आणि 7 दिवसांत (2026 च्या बदलाआधी 15) निकाल द्यायचा असतो. नोटीस कॉपीराइट नियम 75 प्रमाणे लिहा: काम कुठलं, मालक तुम्ही कसे, ती कॉपी बेकायदेशीर का, कुठल्या लिंकवर आहे, आणि मी दावा लावून 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन अशी हमी. रजिस्ट्रेशन नसलं तरी कॉपीराइट तुमचाच असतो, मी मूळ वहीचे फोटो जोडले. अशी नोटीस गेली की 36 तासांत अ‍ॅक्सेस बंद करायचा असतो, माझी फाइल दुसऱ्याच दिवशी गेली.

पण ती हमी नुसती लिहायची म्हणून लिहू नका. 21 दिवसांत आदेश आला नाही तर साइट फाइल परत चालू करू शकते, म्हणून कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करा आणि त्याआधीच कोर्ट नाक्यावर वकील गाठा. साइट कुठलीही असो, कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मुळे तुम्ही राहता तिथल्या कोर्टात, म्हणजे आपल्या ठाण्यातच, दावा लावता येतो.

आता मी प्रत्येक पीडीएफच्या पानापानावर ती घेणाऱ्या मुलाचं नाव टाकून देते.