गरम पाईपची थिकनेस घेताना टेम्परेचर करेक्शन कसं लावायचं

थिकनेस गेज (आवाजाने भिंतीची जाडी मोजणारं यंत्र) खरं तर फक्त वेळ मोजतो. प्रोबमधून, म्हणजे पाईपला टेकवायच्या सेन्सरमधून, आवाज निघतो, पाईपच्या आतल्या बाजूवर आपटून परत येतो, त्या वेळेला आपण भरलेल्या व्हेलॉसिटीने (धातूतल्या आवाजाच्या वेगाने) गुणायचं आणि दोनने भागायचं, की झाली जाडी. साध्या कार्बन स्टीलला आपण ५९२० मीटर प्रति सेकंद भरतो, पण हा आकडा गार स्टीलचा आहे.

हवा तापली की तिच्यातला आवाज जोरात पळतो, धातूत मात्र उलटं होतं. धातू तापला की त्याचा ताठपणा कमी होतो, थोडा फुगतो म्हणून घनताही घटते, पण ताठपणा त्यापेक्षा जास्त वेगाने घटतो आणि आवाज हळू होतो. आवाजाला परत यायला उशीर झाला की गेजला वाटतं भिंतच जाड आहे. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते, पाईप आहे त्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणून हे करेक्शन कधीच सोडू नका.

कार्बन स्टीलसाठी साधा हिशोब असा की दर ५५ डिग्री सेल्सियसला साधारण १ टक्का. समजा ब्लॉकवर (माहीत जाडीच्या धातूच्या तुकड्यावर) कॅलिब्रेशन केलं, म्हणजे गेज जुळवून घेतला, ३० डिग्रीला आणि पाईप आहे २०० डिग्रीचा. फरक १७०, भागिले ५५, म्हणजे ३.१ टक्के. गेजवर १०.०० मिमी आलं तर खरी जाडी ९.६९. आता मागच्या शटडाऊनला (प्लांट बंद असताना) गार पाईपवर त्याच पॉइंटला ९.९० आलं होतं असं धरा, तर करेक्शन न लावता पाईप वाढलेला दिसेल!! आणि खरं तर ०.२१ मिमी झिजलाय.

हा नियम अंदाजाचा आहे, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमला तसाच लावू नका. अचूक हवं असेल तर त्याच मटेरियलचा स्टेप ब्लॉक (पायऱ्यापायऱ्यांनी वेगवेगळ्या माहीत जाडीचा ब्लॉक) त्याच टेम्परेचरला तापवून त्यावरच कॅलिब्रेशन करा, वेळ जातो पण माझ्या मते रिटायरमेंट थिकनेसच्या (ज्या जाडीला पाईप बदलावा लागतो तिच्या) जवळ आलेल्या लाईनला एवढं केलंच पाहिजे. एपीआय ५७० या पाइपिंग तपासणीच्या कोडमध्येही ६५ डिग्रीच्या वर त्याला साजेसं इन्स्ट्रुमेंट, कपलंट (प्रोब आणि पाईपच्या मधे लावायचं जेल) आणि प्रोसिजर वापरायला सांगितलंय.

टेम्परेचर कॉन्टॅक्ट थर्मामीटरने घ्या, चकचकीत पाईपवर किंवा ॲल्युमिनियम क्लॅडिंगवर (इन्सुलेशनवरच्या पत्र्यावर) इन्फ्रारेड गन बरंच कमी दाखवते. कॅलिब्रेशन ब्लॉकचंही घ्या बरं का, विदर्भात मे महिन्यात उन्हात पडलेला ब्लॉक हाताला चटका देतो आणि आपण सवयीने ३० लिहून मोकळे होतो.

प्रोब हाय टेम्परेचरचाच हवा, साधा प्रोब ५०-६० डिग्रीच्या वर खराब होतो. कपलंटही तसाच, साधं जेल लगेच उकळून उडून जातं. कपलंटचा थेंब प्रोबच्या तोंडाला लावायचा, पाईपवर टेकवायचा, दाबून धरायचा, रगडायचा नाही, आणि चार-पाच सेकंदात रीडिंग फ्रीज करून उचलायचा. मग हाताला धरवेल इतका गार होऊ द्यायचा आणि मगच पुढचा पॉइंट. घाई केली की प्रोबच्या पुढची डिले लाईन (आवाज पाईपपर्यंत नेणारा तुकडा) तापते, तिच्यातलाही आवाज हळू होतो, झीरो (गेजचा मोजणी सुरू करायचा शून्य) सरकतो आणि वरचा सगळा हिशोब बरोबर असूनही रीडिंग चुकतं, म्हणून मधे मधे झीरो चेक करत राहा. सिग्नल कमजोर वाटला तर गेन (सिग्नल मोठा करायचं सेटिंग) वाढवा, गरम धातूत आवाज जास्त शोषला जातो.

रिपोर्टमध्ये कच्चं रीडिंग, पाईपचं टेम्परेचर, ब्लॉकचं टेम्परेचर आणि करेक्शननंतरची जाडी हे चारही कॉलम ठेवा. नुसती शेवटची जाडी लिहिली तर पुढच्या वेळी येणाऱ्याला करेक्शन लावलंय की नाही हे कळत नाही आणि तो पुन्हा एकदा लावून बसतो.