तिसरीतल्या लेकीचा अभ्यास मार्गी लागला तो असा

आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. संध्याकाळी टीव्ही सुरू आणि त्याच खोलीत लेकीची वही उघडलेली. रोज रडारड. शिकवणी लावण्याआधी आम्ही घराची घडी बदलली.

खेळून आली की हातपाय धुणं, दूध, मग खिडकीपाशी सतरंजीवर अभ्यास. वेळ तीच, जागा तीच. 20 मिनिटं, जरा पाय मोकळे, पुन्हा 20 मिनिटं. तेवढा वेळ सासूबाईंनीही मालिका बंद ठेवली. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला, असं मला मनापासून वाटतं.

पाढ्यांचं जरा सविस्तर सांगते. पाचपर्यंतचे, नऊचा आणि दहाचा पाढा तिला येत होता. पाटावर चिंचोके मांडले: सात-सातच्या चार ओळी. पाट फिरवला की चार-चारच्या सात ओळी! म्हणजे चार साती आणि सात चोक एकच. मग दहापर्यंत नवीन उरतं फक्त 6: सहा सक छत्तीस, सहा साती बेचाळीस, सहा आठे अठ्ठेचाळीस, सात साती एकोणपन्नास, सात आठे छप्पन, आठ आठे चौसष्ट. रोज एकच घ्यायचं. दुसऱ्या दिवशी न बघता विचारायचं, मग आठवड्याने पुन्हा. आठवताना जी धडपड होते तिनेच पाठांतर पक्कं होतं. नुसतं दहादा वाचून नाही.

परिसर अभ्यासालाही तीच रीत. धडा वाचला की पुस्तक मिटून आजीला सांगायचं: गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, मग आपल्या नाशिकला येते. अडलं तर आजीने लगेच उत्तर सांगायचं नाही, थोडं थांबायचं, एवढं त्यांच्याशी ठरलंय.