धरमोदासने पैसे घेतले होते, दिले नव्हते

पहिल्या वर्षाच्या संविदा (करार) कायद्याच्या पेपरात आम्हाला एक प्रश्न होता. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःचे पैसे एका माणसाला कर्जाऊ दिले आणि त्याच्याकडून जमिनीचे गहाणखत लिहून घेतले. कर्जदार आता म्हणतो की मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला होता, म्हणून गहाणखत शून्य आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते झालेच नाही. विवेचन करा. मी आत्मविश्वासाने लिहिले की अज्ञानाशी केलेला करार प्रारंभापासूनच शून्य असतो, खाली मोहरी बीबी विरुद्ध धरमोदास घोष, १९०३ असा दाखला दिला, त्याच्याखाली पट्टीने दोनदा रेघ ओढली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. दहापैकी दोन गुण मिळाले.

तो विषय शिकवणारे सर सकाळच्या तासिका संपवून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाशेजारच्या जिल्हा न्यायालयात जाणारे दिवाणी वकील होते. मी उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले. त्यांनी माझ्या दोन रेघांवर पेन्सिल टेकवली आणि विचारले, "धरमोदासने पैसे घेतले होते की दिले होते?" मला ते ठाऊक नव्हते. त्या खटल्याचे नाव मी वर्षभरात शंभरदा तरी लिहिले असेल, पण त्यात काय घडले हे मी एकदाही वाचले नव्हते. विधी शाखेत नव्याने येणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे ते मुख्यतः या एका खड्ड्यामुळे, कारण मी त्यात एकदा विद्यार्थिनी म्हणून पडले आणि पुढे शिक्षिका म्हणून पुन्हा पडले.

धरमोदासने पैसे घेतले होते. १८९५ साली कलकत्त्यात त्याने ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराला वीस हजार रुपयांचे गहाणखत लिहून दिले. सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या वकिलाला, मुलगा अज्ञान असल्याचे पत्र आधीच मिळालेले होते, तरीही व्यवहार झाला. आईने पालक म्हणून ते गहाणखत रद्द करण्यासाठी दावा लावला. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधील शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले, तोवर सावकार वारला होता आणि त्याच्या जागी मोहरी बीबीचे नाव लागले होते. म्हणजे जिचे नाव आपण सगळे घोकतो तिचा मूळ व्यवहाराशी संबंधच नव्हता. धरमोदासला न्यायालयाने पालक नेमलेला असल्यामुळे त्याच्या बाबतीत सज्ञानतेचे वय अठरा नसून एकवीस होते. एकवीस वर्षांची ही तरतूद सज्ञानता अधिनियमातून १९९९ साली काढून टाकण्यात आली. मुलाने वय लपवले असेल तर त्याला आता अज्ञान असल्याचे म्हणता येणार नाही, हा सावकाराच्या बाजूचा मुद्दा प्रिव्ही कौन्सिलने फेटाळला, कारण ज्याला खरी गोष्ट माहीत आहे तो आपली फसवणूक झाली असे म्हणू शकत नाही. ते पत्र वगळले की निकालाचा हा भाग समजतच नाही.

आता माझ्या पेपरातला मुलगा पाहा. त्याने पैसे दिले होते, त्याच्याकडून करायचे काहीही उरले नव्हते, आणि गहाणखत त्याच्या लाभाचे होते. अशाच वस्तुस्थितीवर मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९१६ साली, मोहरी बीबीचा निकाल समोर असतानाच, राघवाचारियार विरुद्ध श्रीनिवास या प्रकरणात अज्ञानाच्या नावे झालेले गहाण अंमलात आणता येते असे ठरवले. जो कायदा मुलाचे रक्षण करण्यासाठी आहे, त्याचा आधार मुलाचे पैसे बुडवू पाहणाऱ्याला मिळू शकत नाही. मी पाठ केलेले वाक्य खोटे नव्हते. ते ज्या वस्तुस्थितीवर उभे होते ती मी सोडून दिली, म्हणून ते वाक्य नेमके उलट्या बाजूच्या पदरात पडले.

ही चूक मार्कांपुरती राहत नाही, म्हणून एवढे विस्ताराने सांगते. गाईडमध्ये, झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्समध्ये आणि बहुतेक वर्गांत लिहून दिल्या जाणाऱ्या टिपणांत प्रत्येक खटल्याचे एकच वाक्य असते. ते वाक्य बहुधा हेडनोटवरून, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावरून घेतलेले असते आणि हेडनोट ही निकाल छापणाऱ्याने तयार केलेली असते, ती निकालाचा भाग नसते. न्यायाधीशांनी ज्या वस्तुस्थितीवर निर्णय दिला तिच्यापुरतेच त्यातले तत्त्व बंधनकारक असते. ओघात केलेली इतर विधाने तशी नसतात. हा फरक विधिशास्त्राच्या पेपरात आपण सगळेच पाच गुणांसाठी लिहितो आणि लगेच दुसऱ्या पेपरात विसरतो. गाईडवर पास होता येते, हे मी नाकारत नाही. पण अशील समोर बसून "माझ्या बाबतीत काय?" असे विचारतो तेव्हा गाईडमधल्या वाक्याला त्या अशिलाची गोष्टच माहीत नसते. सिनिअर मंडळींच्या तयार नोट्सबद्दल माझे मत अधिक कठोर आहे: ज्याने स्वतः निकाल वाचलेला नाही त्याच्या हस्ताक्षरातून अभ्यास करू नका, मग तो विद्यापीठात पहिला आलेला का असेना.

इंग्रजीची भीती ज्यांना आहे त्यांना मात्र मी धीर देईन. मी निफाड तालुक्यातून, पूर्ण मराठी माध्यमातून आले. तो पहिला निकाल वाचायला मला चार संध्याकाळी लागल्या. परतीची बस गाठायची म्हणून मी घड्याळ समोर ठेवून बसत असे आणि पहिल्या दिवशी दीड पानापुढे सरकले नाही. दहावा निकाल एका बैठकीत झाला. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उघडावा, कारण साध्या शब्दकोशात कायद्यातला अर्थ मिळतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत, पण मराठी भाषांतर इंग्रजी निकालाच्या शेजारी ठेवून वाचावे, त्याच्या जागी नव्हे. तुमचे इंग्रजी सुधारेल तेव्हा सुधारेल. वस्तुस्थितीचे परिच्छेद हे निकालातले सर्वांत सोपे इंग्रजी असते आणि नेमके तेच आपण वगळतो.

नव्या फौजदारी कायद्यांविषयी थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ चे १०३ झाले, तेव्हा जुने निकाल आता वाचायचे कशाला असे विद्यार्थी विचारतात. खुनाची व्याख्या ३०० मधून १०१ मध्ये आली आहे आणि तिचा गाभा तोच आहे, त्यामुळे त्या व्याख्येचा अर्थ लावणारा विरसा सिंग प्रकरणाचा १९५८ चा निकाल आजही वाचावाच लागतो. कलमांचे तुलनात्मक तक्ते जवळ ठेवा, पण ते पाठ करण्यात आठवडे घालवू नका. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, मात्र रोज उघडा. वकिलीसाठीच्या अखिल भारतीय बार परीक्षेला टिपा नसलेला बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतो, परंतु ज्याने तो तीन वर्षांत कधी हाताळला नाही त्याला परीक्षेच्या वेळी कलम सापडत नाही.

आता शिकवण्याविषयी. एलएलएम आणि सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाल्यावर मी तासिका तत्त्वावर शिकवू लागले. तासिकेनुसार मानधन, अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि समोर "मॅडम, लिहून द्या" म्हणणारा वर्ग, अशा स्थितीत मी दोन वर्षे नोट्स लिहून दिल्या. मोहरी बीबीचे ते एक वाक्यही दिले. एके दिवशी दिंडोरीकडच्या एका विद्यार्थ्याने तासिका संपल्यावर घडी घातलेला जुना सातबारा टेबलावर उलगडला. त्यात त्याच्या वडिलांच्या नावापुढे "अ.पा.क. आई" (अज्ञान पालनकर्ता आई) अशी नोंद होती. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन, आजोबा वारल्यावर वडील सहा-सात वर्षांचे असताना आजीने त्यांच्या हिश्श्यासह विकलेली. तो म्हणाला, "मॅडम, वडील अज्ञान होते, मग हा व्यवहार शून्यच ना?" मी होय म्हणाले.

घरी जाऊन खात्री करेपर्यंत रात्र झाली होती. व्यवहार अज्ञानाने केलाच नव्हता, तो पालकाने केला होता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना केलेली अशी विक्री शून्य नसते, ती त्या अज्ञानाच्या इच्छेनुसार शून्यकरणीय असते, म्हणजे त्याने रद्द करून घेईपर्यंत ती चालते, आणि ती रद्द करून घेण्याचा दावा त्याने सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत लावायचा असतो. त्याचे वडील पन्नाशीला आले होते. त्या मुलाने माझे "होय" घरी सांगितले होते आणि घरात दोन दिवस त्यावर बोलणे चालले होते. मी पुढच्या तासिकेला सर्वांसमोर चूक दुरुस्त केली आणि त्याला सगळे कागद घेऊन जिल्हा न्यायालयातल्या एका जाणत्या दिवाणी वकिलांकडे पाठवले, पण त्याच्या वडिलांना आशा लावून ती काढून घेणारी मी होते, हे मला आजही सलते.

तेव्हापासून मी वर्गात नोट्स लिहून देत नाही. नव्या शिक्षकांना अभ्यासक्रम पुरा होणार नाही याची धास्ती वाटते आणि ती खरी आहे. माझीही दोन प्रकरणे मागे राहिली आणि त्याबद्दल मला ऐकून घ्यावे लागले. म्हणून सर्वच खटले असे शिकवू नयेत. एका सत्रात चार किंवा पाच निवडावेत, उरलेले नेहमीच्या पद्धतीने घ्यावेत. निवडलेल्या निकालाची झेरॉक्स काढताना हेडनोटवर कोरा कागद ठेवते, म्हणजे त्या जागी पांढरा चौकोन उमटतो. वर्गात पहिले प्रश्न ठरलेले असतात: व्यवहार कोणी केला, कोणाशी, कोणी काय दिले, आणि तेव्हा कोणाला काय माहीत होते. त्यानंतर मी एकच गोष्ट बदलते, म्हणजे मुलाने पैसे घेतले नसून दिले होते किंवा सही मुलाची नसून आईची होती असे सांगते, आणि निकाल तोच राहील का ते विचारते. या प्रश्नाला पहिली पाच मिनिटे कोणीच बोलत नाही. नव्या शिक्षकाने त्या शांततेला घाबरून स्वतः उत्तर देऊ नये.

दुसऱ्या तासिकेला निम्माच वर्ग वाचून येतो. उरलेल्यांना मी बाहेर काढत नाही. मागच्या दोन बाकांवर बसवते, झेरॉक्स हातात देते आणि वस्तुस्थितीचे परिच्छेद तिथेच वाचायला लावते.