फ्रेंच ‘तुर्ने’ची व्युत्पत्ती मोबाइलवर कशी ताडून पाहावी

तालुक्याच्या आयटीआयमधला टर्नर लेथवर लोखंड कातून गोल करतो. वळणे, फिरवणे या अर्थाचं फ्रेंच क्रियापद ‘तुर्ने’ (tourner) थेट त्या लेथमधूनच आलंय. आठवी-नववीच्या पोरांनाही हे तपासता येईल.

सीएनआरटीएल (CNRTL) या फ्रेंच शब्दकोशाच्या संकेतस्थळावर शब्द टाका आणि ‘एतिमोलोजी’ (étymologie), म्हणजे व्युत्पत्ती, हा टॅब उघडा. मोफत आहे. मजकूर फ्रेंचमध्ये असतो, भाषांतर करून घ्या; पण शब्दाआधीची चांदणी (*) भाषांतरात गळू देऊ नका. चांदणी म्हणजे ते रूप लिखित सापडलेलं नाही, अभ्यासकांनी अंदाजानं बांधलंय. लॅटिन ‘तोर्नारे’ला तिची गरज नाही, ते रूप ग्रंथांत आहे.

आता ध्वनी जुळवा. इथंच बहुतेक जण घाई करतात आणि नुसत्या सारखेपणावर विश्वास ठेवतात. एक बदल दुसऱ्या शब्दांतही दिसला तरच तो धरायचा. शेवटचं ‘आरे’ जाऊन ‘ए’ आलं: ‘कान्तारे’चं ‘शाँते’, ‘पोर्तारे’चं ‘पोर्ते’. आधीच्या ‘ओ’चा ‘ऊ’ झाला: मुकुट या अर्थाच्या ‘कोरोना’चं ‘कूरोन’. जुन्या फ्रेंचमधलं ‘तोर्नेर’ हा मधला टप्पा.

मग अर्थ. ग्रीक ‘तोर्नोस’ म्हणजे सुताराचं वर्तुळ आखायचं साधन, आणि लेथही. लॅटिन ‘तोर्नुस’ म्हणजे लेथ. ‘तोर्नारे’ म्हणजे त्यावर कातून गोल करणे. तान्ह्या पोळ्याच्या नंदीबैलाची लाकडी चाकं करतात, अगदी तेच काम. पुढे लेथ सुटला, फिरवणं तेवढं राहिलं. तरी फ्रेंचमध्ये लेथला आजही ‘तूर’ म्हणतात आणि कारागिराला ‘तुर्नर’. हा पुरावा सगळ्यात भक्कम.

फसायच्या जागा दोन. ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीच्या नावातला पुल्लिंगी ‘तूर’ म्हणजे फेरी, तो या कुळातला. आयफेल टॉवरचा ‘तूर’ स्त्रीलिंगी, तो लॅटिन ‘तुर्रिस’, म्हणजे बुरूज, यावरून आला. म्हणून लिंग आधी बघा. आणि पिळणे या अर्थाचं ‘तोर्द्र’ जवळचं वाटतं, पण त्याचं मूळ ‘तोर्क्वेरे’.

सराव करायचाच तर पाणलोटाच्या कामातला ‘कंटूर’, म्हणजे समान उंचीची रेषा, हा शब्द घ्या. इंग्रजीतून मागे फ्रेंच ‘काँतूर’, तिथून इटालियन ‘काँतोर्नो’, आणि मग पुन्हा लॅटिन ‘तोर्नारे’. मधला इटालियन टप्पा वगळलात तर उत्तर चुकलं समजा.