पहिल्या मुलाखतीची तयारी कशी करावी? सुरुवात रेझ्युमेपासून

मुलाखतीचा मेल आला की बहुतेक जण 'हमखास विचारले जाणारे 50 प्रश्न' शोधायला बसतात. ते काम मागे ठेवा. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्याकडे अनुभव नसतो हे समोरच्यालाही ठाऊक असतं, त्यामुळे बरेचसे प्रश्न तो तुमच्या रेझ्युमेतूनच काढतो.

म्हणून आधी रेझ्युमेची प्रिंट काढा आणि प्रत्येक ओळीसमोर पेनाने 'कसं?' आणि 'का?' लिहा. 'पायथॉन येतं' म्हणता, तर त्यात शेवटचं काय केलंत? छंदात 'वाचन' लिहिलंय, तर सध्या काय वाचताय? (इथे भलेभले अडखळतात.) उत्तर नसेल तर ती ओळ खोडा. रेझ्युमे आधीच गेला असेल, तर तेवढ्या भागाची उजळणी करा.

सगळ्यात जास्त वेळ प्रोजेक्टला द्या. चौघांनी मिळून केलेल्या कामाबद्दल मुलं 'आम्ही केलं' एवढंच सांगतात आणि 'त्यात तुमचं काय?' म्हटलं की गप्प होतात. प्रसंग काय होता, तुमच्याकडे कोणतं काम होतं, तुम्ही काय केलंत, त्यातून काय झालं, या क्रमाने बोला. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'स्टार' पद्धत म्हणतात. 'आम्ही हजेरीचं अ‍ॅप केलं' यात काहीच कळत नाही. त्याऐवजी, 'डेटाबेस माझ्याकडे होता. एकाच विद्यार्थ्याची हजेरी दोनदा पडत होती. एका तासिकेला एका रोल नंबरची एकच नोंद होईल अशी अट मी घातली, मग दुबार नोंदी थांबल्या.' असे तीन प्रसंग तयार ठेवा: एक सुटलेली अडचण, एक फसलेला प्रयत्न, एक गटातला मतभेद. फसलेला प्रसंग खरा निवडा; 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' हे ऐकून ऐकून मुलाखत घेणारे कंटाळलेले असतात.

मग नोकरीची जाहिरात घ्या. त्यात मागितलेल्या प्रत्येक कौशल्यापुढे तुमचा कोणता प्रसंग बसतो ते लिहा. कंपनी नेमकं काय विकते आणि कोणाला, एवढं तिच्या वेबसाइटवरून पाहून ठेवा.

आता मोठ्याने बोला. 'स्वतःबद्दल सांगा' याचं मिनिट-दीड मिनिटाचं उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकताना ओशाळल्यासारखं होतं, पण कुठे भरकटतो ते तिथेच कळतं. पाठ मात्र करू नका, मुद्देच लक्षात ठेवा.

मुलाखत ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि उजेड समोरून हवा. प्रत्यक्ष असेल तर रेझ्युमेच्या दोन प्रती घेऊन पंधरा मिनिटं आधी पोचा.

एखादं उत्तर येत नसेल तर 'हे मला माहीत नाही, पण मी सुरुवात अशी करेन' असं सरळ सांगा. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हटलं की 'नाही सर' म्हणून उठू नका. या पदावर पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षा असते, ते विचारा.

बाहेर पडल्यावर मित्रांना फोन करण्याआधी अडलेले प्रश्न वहीत उतरवून काढा. संध्याकाळपर्यंत ते नीट आठवत नाहीत.